पात्र मोकळं न्हाई

वीजघरातला फोन वाजला तेव्हा दिपा राठोड जेवणाचा डबा धुवून पालथा घालत होती. अडीच वाजले होते. चारला तिची पाळी संपणार, सव्वाचारला नवऱ्याची जीप फाटकाशी येणार आणि साडेचारच्या आत आपण पळसतांड्याच्या घाटावर याडीजवळ, म्हणजे आईजवळ, उभ्या असू, असं तिनं सकाळपासून मनात पक्कं करून ठेवलं होतं. आज तांड्याची तीज होती.

फोनवर वीजघराचे साहेब होते, अभियंता विजयकुमार. "दिपा, चार वाजता दोन्ही संच चालू करायचे. वरून आदेश आलाय. धरण ब्याण्णव टक्क्यांवर आहे, मागून पाणी येतंय, आणि संध्याकाळी त्यांना वीजही पाहिजे. रजिस्टर भरून ठेव."

"आज?" दिपाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "साहेब, आज कसं? आज तीज हाय. अर्ज दिला व्हता न आमी."

"तो अर्ज माहीत आहे मला. तिजेला अजून दहा दिवस आहेत. कॅलेंडरवर किसनरावांनी लाल गोल केलाय, रोज बघतो मी." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आता इथं जरा थांबून तिजेचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्या एका शब्दानं घातला. तांड्याची तीज श्रावणातली. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत काळी माती आणि खत भरून गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत त्याला पाणी घालतात, नऊ दिवस अळणी जेवतात, आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी तांड्याच्या प्रमुखाची, नायकाची, परवानगी घेऊन टोपल्या नदीवर नेतात. वीतभर वाढलेले पिवळे कोंब भावांच्या पागोट्यांत खोचतात आणि उरलेलं पाण्यात सोडतात. पुढच्या वर्षी जिचं लग्न, ती सगळ्यांत जास्त रडते.

तर आषाढातच दिपानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला होता. देवला नायकाची सही घेतली होती. 'तिजेच्या दिवशी दुपारनंतर नदीत पाणी सोडू नये, ही नम्र विनंती.' तारीख लिहिली नाही. कशाला लिहील? तिच्या लेखी जगात तीज एकच होती.

अर्ज गेला किसनरावांकडं. किसनराव हे वरच्या वसाहतीतल्या ऑफिसचे हेडक्लार्क, भला माणूस, कुणाचा कागद अडवून ठेवणाऱ्यांतला नव्हे. त्यांची बायको वाशिमकडची, आणि तिच्या माहेरी हरतालिकेला तीज म्हणतात. बायका नदीवर वाळू आणायला जातात, त्या वाळूची पिंड करून पूजतात, दिवसभर निर्जळी उपास धरतात, हे किसनरावांना घरचंच ठाऊक. त्यांनी भाद्रपदातली हरतालिका शोधली, लाल पेनानं गोल काढला, शेजारी 'तीज, पाणी बंद' असं लिहिलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा, की यंदा तुमच्यासाठी नदी बंद ठेवतोय. त्यांच्याही लेखी जगात तीज एकच होती.

ते कॅलेंडर वर ऑफिसात, आणि दिपा धरणाच्या पायथ्याला, वीजघरात. तिला अर्जाची पोच मिळाली होती. पोच मिळाली म्हणजे अर्ज पोचला, असं तिनं धरलं. सरकारी कागदाच्या बाबतीत शहाण्या माणसानं एवढं भाबडं राहू नये, पण राहिली.

तिनं धाकट्या भावाला, विकासला फोन लावला. पलीकडून आधी गाणंच ऐकू आलं. ढोल, आणि त्यावर पोरींचे उंच आवाज.

"कुठं हायेत सगळे?"

"नदीत! तू कवा येऊन राहिली? पोरी पाण्यात उतरल्या न आत्ताच."

"किती?"

"काय किती?"

"पोरी किती हायेत, इकास?"

त्यानं मोजायला वेळ घेतला. एकेचाळीस होत्या. सगळ्यांत लहान नऊ वर्षांची.

धरणाच्या खाली त्या दिवसांत नदी गुडघाभर असते. पोरीबाळींनी टोपल्या घेऊन निवांत उभं राहावं अशी. पण वीज तयार करणारे दोन्ही संच फिरले, की त्यांतून निघालेलं पाणी पाऊण तासात पळसतांड्याच्या घाटाला लागतं, आणि तिथं काठ अरुंद, म्हणून गुडघ्याचं पाणी बघता बघता डोक्यावर जातं. धरणाची मोठी दारं उघडायची तर भोंगा होतो, तीन तीनदा होतो. वीजघराच्या पाण्याला भोंगा नाही. का नाही, तर नियमात दारांनाच भोंगा सांगितलाय. बुडणाऱ्याला पाणी दारातून आलं की संचातून, हे कळतं की काय, देव जाणे.

भोंग्याच्या जागी एक रकाना होता. संच चालू करण्याआधी ऑपरेटरनं रजिस्टरात भरायचा. 'नदीपात्र मोकळे असल्याची खात्री केली', आणि पुढं सही. सही झाल्याशिवाय संचाला हात लावायचा नाही, असा कडक नियम, आणि कडक नियमाचं होतं तेच त्याचंही झालेलं. सगळे ऑपरेटर सोमवारी आठवड्याच्या सह्या ठोकून मोकळे होत. दिपाही पहिली दोन वर्षं तेच करायची. मग एकदा संतराम भोई मासे धरता धरता मधल्या खडकावर अडकला. सकाळपर्यंत तिथंच बसून होता, आणि त्या दिवसाच्या रकान्यात दिपाची सही होती, सुवाच्य अक्षरात. माणूस वाचला. पण दिपाला त्या सहीची इतकी लाज वाटली, की तेव्हापासून काठच्या सगळ्या गावांना फोन केल्याशिवाय ती पेन उचलत नसे. बाकीचे तिला हसत.

"याडीला दे फोन," ती विकासला म्हणाली.

पारुबाई फोनवर आली ती ओरडतच. बोलली गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या भाषेत; आपण आपल्या बोलीत ऐकू. "काहून फोन करून राहिली मधीच? गाणं मोडलं न माझं!"

"याडी, चारला पाणी सोडणार हायेत. पोरींना बाहेर काढ."

"कोण सोडणार? तूच न तिथं?"

"आदेश हाय."

"आन अर्ज? तो काय चुलीत घातला का तुह्या सायबानं?" पारुबाईचा आवाज चढला. "नऊ दिस मिठाचा खडा न्हाई गेला लेकींच्या पोटात. नायकानं आत्ता कुठं हो म्हटलं. एक एक पोरगी आपल्या हातानं सोडती, घाई करता येत न्हाई. डोक्यावर उचललेली तीज माघारी नेत न्हाईत, तुला सांगायला पायजे व्हय? तूबी उचलली व्हती न."

"इहिरीवर न्या."

"इहिरीवर तूच ये आन बुडव. आमी न्हाई हालत."

दिपाला आईचा असा संताप आला, की फोन भिंतीवर मारावा. तांडा हलणार नाही, साहेब थांबणार नाही, आणि मधे ही, जात्यातल्या दाण्यासारखी. मागे ढोल परत सुरू झाला होता. एक कोवळा आवाज गाण्याची ओळ चुकला आणि बाकीच्या पोरी हसल्या. ते हसणं ऐकलं आणि दिपाचा राग आईवरून उठला, तो जिथं बसायला हवा होता तिथं जाऊन बसला.

"याडी, ऐक," ती म्हणाली. "किती येळ लागंल?"

"दिस त्या टेकडीला टेकंपर्यंत."

"म्हंजे सहा. व्हऊ दे तुमचं. घाई करू नका. पर इकासला फोन घेऊन काठावर उभा कर, पाण्यात उतरू देऊ नको. माझा फोन आला, की हाय तिथून वर यायचं, टोपली हातात असली तरी. आन कबूल कर मला."

"कबूल. आन पाणी?"

"पाणी मी धरते."

फोन ठेवून तिनं आधी हिशेब केला. उगाच बहाद्दरी दाखवायला ती काही खुळी नव्हती. धरणात अजून साठ सेंटिमीटर जागा होती. पाणी तासाला तीनानं चढत होतं. चारचे सहा झाले तर फार तर सहा सेंटिमीटर, चार बोटं. धरणाला काही होत नव्हतं. वरच्या आदेशातली घाई विजेची होती, पाण्याची नव्हती. मग दहा दिवसांनी हरतालिका येते हे तिच्या ध्यानात आलं; तिनं विजयकुमारांना फोन केला, घोळ सांगितला, दोन तास मागितले.

"तुमच्या दोन तिजा आहेत हे मला आता सांगतेस?" साहेब उखडले. "वेळ वरून ठरलेली असते, दिपा. मी पोलीस पाठवतो घाटावर, पोरी काढतील बाहेर. तू रजिस्टर भर."

"पोरी बाहेर आल्या की भरते."

"आत्ता भर. चारला त्या बाहेर असतीलच."

"असतील तवा लिवते, साहेब. आत्ता न्हाईत."

"मग मी येऊन करतो सही!"

जिना उतरून वीजघरात यायला साहेबांना सात मिनिटं लागतात. दिपानं सात मिनिटांत काय करावं? दार लावून घ्यावं, किल्ली नदीत फेकावी, रडावं? तिनं रजिस्टर उघडलं, आजच्या तारखेवर बोट ठेवलं आणि रकान्यात लिहिलं: 'नदीपात्र मोकळे नाही. पळसतांडा घाटावर पात्रात एकेचाळीस मुली. वेळ २.५५.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली. रकाना पुरला नाही, तेव्हा शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात शिरली.

विजयकुमार आले ते घामानं थबथबलेले. वाईट माणूस नव्हता. वरून शिव्या खायच्या आणि खाली वाटायच्या, एवढंच त्याचं काम होतं आणि तो ते प्रामाणिकपणे करायचा. त्यांनी खिशातलं पेन काढतच रजिस्टर ओढलं आणि वाचलं. परत वाचलं.

"हे काय लिहिलंस?"

"हाय ते."

"हे असं लिहितात का? या रकान्यात नुसती सही करायची असते! पान बदल. नवीन पानावर घे."

"पानाला नंबर हायेत, साहेब. एकशे अठरावं पान हाय ते."

"खोड मग!"

"तुमी खोडा. तुमच्या सहीनं." दिपानं रजिस्टर त्यांच्याकडं सरकवलं. "खोडा, खाली लिवा की पात्र मोकळं हाय, आन करा चालू. मी बटनाला हात लावत न्हाई, पर तुमाला अडवतबी न्हाई."

साहेबांनी पेन उघडलं. मग ते पेनाकडंच बघत राहिले. आजवर त्या रकान्याला कुणी भ्यायलं नव्हतं, कारण आजवर त्यात कुणी सहीपलीकडं काही लिहिलंच नव्हतं. आता त्यात एकेचाळीस पोरी उभ्या होत्या आणि त्यांच्यावर रेघ मारायला सांगितलं होतं. कुणाचा हात उठेल?

"तुझं कंत्राट मार्चपर्यंत आहे ना?" ते हळू आवाजात म्हणाले.

"व्हय. मार्च लई लांब हाय, साहेब. पोरी आत्ता पाण्यात हायेत."

"धरणं धरून बसलीस तू."

"धरणावर दुसरं काय धरायचं?"

हे ती बोलून गेली खरी. घरात नवऱ्याची एक जुनी जीप आणि हिचा पगार, एवढंच तर होतं. पण खुर्ची धरून ती उभी राहिली आणि तोंड तसंच ठेवलं.

साहेबांनी किसनरावांना बोलावून घेतलं. किसनराव फाइल आणि भिंतीवरचं कॅलेंडर दोन्ही घेऊन आले, कारण पुराव्याशिवाय ते कुठं जात नसत. अर्ज वाचला, गोल दाखवला, दिपानं दोन वाक्यांत सांगितलं, आणि ते मटकन स्टुलावर बसले.

"तीज म्हंजे तीज न," ते पुटपुटले. "माही बायको सोळा वर्सं करून राहिली... मला काय ठावं श्रावणातबी असती ते. दिपाबाई, तारीख तरी लिवायची."

"लिवायची व्हती," दिपा म्हणाली. "चूक माझीबी हाय. पर चुकीत बुडायला पोरी काहून?"

पावणेचारला वरून फोन आला, तयारी झाली का म्हणून. विजयकुमारांनी तो घेतला. साहेब खाकरले आणि म्हणाले, "नाही सर. पात्र मोकळं नाही."

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. साहेबांचे कान लाल झाले. "हो सर. नाही सर. रजिस्टरला लेखी आहे, सर... मुली आहेत, सर, एकेचाळीस. पातळीला धोका नाही, मी पाहिलंय. सहापर्यंत द्या." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "सहा. त्याच्या पुढं एक मिनिट नाही. आणि याचं उत्तर तुला द्यावं लागेल."

"देईन की."

चारला पाळी संपली तरी दिपा उठली नाही. पुढच्या पाळीचा माणूस येऊन बाहेर बसला. किसनरावांनी सगळ्यांना चहा आणला आणि स्वतःचा प्यायला विसरले. पातळी चढत होती. पाचला तीन सेंटिमीटर, बरोबर हिशेबाप्रमाणं.

पावणेसहाला विकासचा फोन आला. "झालं! सगळ्या वर आल्या. सोड आता तुहं पाणी, याडी म्हणती."

साहेबांनी सुटकेनं हात पुढं केला. "चल, कर सही."

"थांबा," दिपा म्हणाली. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला. "इकास, सगळ्या आल्या हे कुणी मोजलं?"

"दिसून राहिल्या न सगळ्या..."

"दिसून न्हाई. एकेकीला फोनवर आण. आपलं नाव सांगू दे. मी लिवून घेते."

"एकेचाळीस जणी? येडी झाली का?"

"आण म्हटलं न!"

काठावर कुरबूर झाली, पारुबाईचा आवाज आला, आणि मग पहिली पोरगी फोनपाशी आली. "मथुरा." दिपानं लिहिलं. "ललिता." "सुमन." कुणी लाजत सांगत होती, कुणी रडून घसा बसलेली, कुणी फोनच्या इतकी जवळ की टेबल हलावं. रकाना संपला, समास संपला, तशी ती पानाच्या कडेनं उभी लिहीत गेली. किसनराव बोटांवर मोजत होते. विजयकुमार घड्याळाकडं बघायचे थांबले होते. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

मग फोन गप्प झाला.

"इकास? एकेचाळिसावी?"

"इतक्याच हायेत, ताई."

"दुपारी तूच एकेचाळीस म्हणाला."

"चुकलो असन मोजताना..."

"कोण न्हाई ते बघ! लहान कोण व्हती, नऊ वर्सांची?"

पलीकडं एकदम गलका झाला. कुणीतरी 'शिला, शिला' म्हणून हाका मारायला लागलं. पारुबाई ओरडत धावल्याचं कळत होतं. साहेब भिंतीला टेकले. किसनरावांनी हात जोडले आणि कुठल्या देवाला म्हणून ठरेना. सहा वाजून दोन मिनिटं झाली. वरून फोन वाजायला लागला आणि तिघांपैकी कुणीही तो उचलला नाही.

सहा वाजून सात मिनिटांनी विकास धापा टाकत बोलला. "सापडली! वळणापल्याड व्हती, खालच्या वाळूत. तिची टोपली वाहत गेली म्हणून मागं मागं गेली, एकटीच. पाण्यातच बसून व्हती. याडी घेऊन येऊन राहिली."

"फोनवर आण तिला."

जरा वेळानं एक हुंदका, आणि मग बारीक आवाज. "शिला चव्हाण."

दिपानं शेवटचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'नदीपात्र मोकळे असल्याची खात्री केली', आणि सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं. सहा वाजून बारा मिनिटांनी संच फिरले आणि पायाखालची फरशी नेहमीसारखी थरथरू लागली.

विजयकुमारांनी वाजणारा फोन अखेर उचलला. "पात्र मोकळं आहे, सर," ते म्हणाले.

आठ दिवसांनी दिपाला नोटीस आली. संच दोन तास बारा मिनिटं उशिरा चालू केले, रजिस्टरच्या पानावर असंबद्ध मजकूर लिहिला, खुलासा करावा आणि हमी द्यावी. नोटीस किसनरावांनीच टाइप केली होती. मान खाली घालून त्यांनी ती दिली, आणि तिला समोर बसवून घेऊन कागदपेनही दिलं.

"असल्या नोटिसा सगळ्यांलाच येतात," ते समजावत म्हणाले. "साच्यातलं वाक्य असतंय, तेवढं लिवायचं. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, यापुढे असे होणार नाही. साहेबबी म्हणले, एवढं दिलं की ते मिटवून टाकतील. कंत्राट राहील. लिवा बाई, हट्ट करू नका."

दिपानं थोडा विचार केला आणि लिहिलं. दोनच ओळी होत्या. कागद उलटा फिरवून तिनं किसनरावांपुढं ठेवला.

किसनरावांनी चष्मा लावून वाचला. 'सदर दिवशी नदीपात्रात एकेचाळीस मुली होत्या. यापुढेही असे होणार.' त्यांनी कागद उजेडाकडं धरला, मग परत टेबलावर ठेवून मायेनं पेन पुढं केलं.

"घाईत शेवटचा 'नाही' राहून गेला बघा तुमचा."

"राहून न्हाई गेला, काका," दिपा उठत म्हणाली. "मीच सोडला."